अर्पणपत्रिकेपासून आरंभ : इतिहासाच्या प्रास्ताविक अध्यापनाविषयी

मराठीच्या पदव्युत्तर वर्गात एकोणिसाव्या शतकाचा विचार करताना अमेरिकेचा उल्लेख बहुधा एका वाक्यात आटोपला जातो : महात्मा फुले यांच्यावर थॉमस पेन यांच्या ग्रंथांचा प्रभाव होता आणि त्यांनी ‘गुलामगिरी’ (1873) अमेरिकेतील लोकांना अर्पण केली. विद्यार्थी हे वाक्य उत्तरपत्रिकेत उतरवितात; अर्पणपत्रिका मात्र क्वचितच वाचतात. ज्या परकीय इतिहासाशी मराठी वाङ्मयाचा असा थेट संबंध आला, त्याची पहिली ओळख आढाव्याने करून द्यावी की मूळ साधनांनी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विचाराला निमित्त झाले ते वर्गातील एका प्रश्नाचे. अर्पणपत्रिका वाचून झाल्यावर जुन्नर तालुक्यातील पिंपळवंडीहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, यात सोडविणाऱ्यांचे औदार्य आले आहे. ज्यांनी दास्य भोगले, त्यांनी स्वतः काहीच केले नाही का?” आढाव्यापाशी या प्रश्नाचे उत्तर नाही, कारण आढावा निष्कर्ष देतो, ते कशावरून काढले हे दाखवीत नाही.

अशा वेळी अर्पणपत्रिकेशेजारी आणखी दोन साधने ठेवावीत. पहिले, 1776 चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा. सर्व माणसे समान असल्याचे तो घोषित करतो. परंतु जेफर्सन यांच्या मसुद्यातील गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारा परिच्छेद काँग्रेसने गाळला, आणि स्वतः जेफर्सनही गुलामांचे मालक होते. दुसरे, फ्रेडरिक डग्लस यांचे 5 जुलै 1852 चे रॉचेस्टर येथील भाषण. 1838 मध्ये दास्यातून निसटलेला हा वक्ता गुलामांच्या दृष्टीने त्या स्वातंत्र्यदिनाला काय अर्थ उरतो, असे श्रोत्यांनाच विचारतो. पुढे यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात सुमारे 1 लाख 79 हजार कृष्णवर्णीय सैनिक होते. 1865 च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी रद्द झाली, ती केवळ परोपकारबुद्धीने नव्हे.

मग जोतीरावांचे चुकले काय? येथेच साधनवाचनाची खरी कसोटी आहे. अर्पणपत्रिका हा अमेरिकेचा इतिहास नव्हे. तिचे नाममात्र संबोध्य अमेरिकन असले, तरी खरे संबोध्य देशबांधव आहेत : शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडविण्याच्या कामी त्यांनी हा कित्ता गिरवावा, असे लेखकास सुचवावयाचे आहे. मुक्त करणाऱ्यांचे औदार्य ठळक झाले ते या हेतूमुळे. म्हणजे तिच्यातील मौन दाखविणे हा लेखकाचा अनादर नसून त्याच्या युक्तिवादाचे आकलन होय. कोणी, कधी, कोणासाठी लिहिले आणि काय वगळले, हे चार प्रश्न पूज्य लेखकालाही विचारता येतात, ही जाणीव विद्यार्थ्यात रुजणे महत्त्वाचे आहे.

या पद्धतीवर दोन आक्षेप संभवतात. अभ्यासक्रम पुरा होत नाही, हा पहिला. तो खराच आहे. परंतु आढाव्याने पुरा झालेला अभ्यासक्रम परीक्षेनंतर कितीसा उरतो? मूळ साधनांची भाषा अवघड असते, हा दुसरा. त्यावर उपाय एवढाच की उतारा लहान निवडावा आणि तो वर्गातच सावकाश वाचावा. आढाव्याला फाटा द्यावा, असे येथे म्हणावयाचे नाही. त्याने साधनांच्या मागून यावे, इतकेच.

याचा लाभ अमेरिकेपुरता राहत नाही. जुन्नर तालुक्यातीलच ओतूर येथे 1880 च्या दशकात पुरोहिताविना झालेल्या सत्यशोधक विवाहांवरून ग्रामजोशांच्या हक्काचा वाद न्यायालयात गेला. या वादाचे कागद वाचताना हेच चार प्रश्न विचारावे लागतात. शिवाय वादी आणि प्रतिवादी यांचे म्हणणे न्यायालयाच्या भाषेतून आपल्यापर्यंत येते, याचेही भान ठेवावे लागते. रॉचेस्टरचे भाषण वाचून आलेला विद्यार्थी ओतूरच्या दाव्याकडे केवळ स्थानिक हकीकत म्हणून पाहणार नाही. आपल्या परिसराचाही इतिहास असतो आणि तो आपणच वाचावयाचा असतो, एवढे त्यास उमगले, तरी प्रास्ताविक अध्यापनाचे प्रयोजन साधले असे म्हणता येईल.