शहाडहून निघा, बेटावर पोहोचा

शहाडहून गाडी काढली की रस्ता मोकळा असेल तर तासाभरात एका बेटावर पोहोचता येतं. होडी नको, विमान नको. कुठलं बेट? अहो, ठाणे!

हे ऐकून ठाणेकरही हसतात. पण नकाशा उघडा. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी. मधला तुकडा म्हणजे साष्टी बेट. बोरिवली, अंधेरी, मुलुंड, भाईंदर, ठाणे, सगळं त्याच्यावर. दक्षिणेची माहीमची खाडी भराव आणि पुलांनी सांधली, म्हणून मुंबई त्याला चिकटलेली. आणि या बेटाला मुख्य भूमीपासून तोडणाऱ्यांत मोठा हात कोणाचा? शहाडजवळून मुकाट वाहणाऱ्या उल्हास नदीचा!

तिच्याच सोबतीने निघू. शहाडला ती साधी नदी. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यापाशी येईपर्यंत पाणी खारट, दिवसातून दोनदा चढणारं आणि दोनदा उतरणारं. समुद्र इतका आत येतो म्हणूनच कल्याण बंदर झालं, आणि किती जुनं! पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत त्याचं नाव आहे. राजकीय वैरामुळे इथे चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला धाडली जात, असंही तिच्यात लिहिलंय. आणि १६५७ मध्ये कल्याण हाती येताच शिवाजी महाराजांनी याच काठावर गलबतं बांधायला घेतली.

दुर्गाडीचा पूल, कोन, रांजनोली, मग नाशिक महामार्ग. खारेगावला उल्हास ओलांडायची. पुढे साकेतचा पूल येतो. इथे जरा सावध बसा, कारण एवढ्याशा पुलाखालचं अरुंद पाणी हीच बेटाची सीमा. गाडी चौथ्या गिअरमध्ये असताना तुम्ही बेटावर शिरता आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

उल्हासचं बहुतेक पाणी पश्चिमेला वसईकडे वळतं आणि ही चिंचोळी वाट त्याला ठाण्याच्या खाडीशी जोडते. म्हणजे ठाणे हे दोन दारांचं घर: भरतीचं पाणी एका दाराने वसईकडून येतं, दुसऱ्याने मुंबई बंदराकडून. पोर्तुगिजांनी या अरुंद जागेवर किल्ला बांधायला घेतला तो उगाच नव्हे. तो पुरा होण्याआधीच, मार्च १७३७ मध्ये, मराठ्यांनी घेतला. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे.

आणखी एक गंमत. १६ एप्रिल १८५३ ची ती प्रसिद्ध आगगाडी बोरीबंदरहून ३४ किलोमीटर धावून ठाण्यालाच का थांबली? पुढे खाडी होती! भारतातली पहिली प्रवासी गाडी बेटावर सुटली आणि बेटावरच थांबली. खाडीवर पूल झाल्यावर, १ मे १८५४ ला, ती कल्याणला पोहोचली. शहाडहून लोकलने कामाला जाणारे रोज त्याच जागी खाडी ओलांडतात, बहुतेक डुलकी घेत.

माजिवड्याहून घोडबंदर रस्ता. ट्रकांच्या रांगेबद्दल न बोललेलं बरं. पण गायमुखाला मान उजवीकडे वळवा: तिवरांच्या मागे पसरलेलं पाणी. डावीकडे येऊरचे डोंगर, आत बिबटे, पलीकडच्या उतारावर कान्हेरीची लेणी. तिथल्या शिलालेखांत दान देणारे कोण? बरेचसे कल्याणचे! तेही याच खाड्या ओलांडून येत असणार.

आता खरा धक्का. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, जगातलं इतकं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. तेव्हा साष्टी बेट नव्हतंच. होते ते डोंगर आणि त्यांच्या पायथ्याशी वाहणाऱ्या नद्या. बर्फ वितळला, समुद्र चढला, नदीच्या दऱ्यांत घुसला. गायमुखाला दिसते ती बुडालेली दरी!

पुढे भाईंदर, मिठागरं, उत्तन आणि शेवटी चौक हे गाव. समोर खाडीचं मुख आणि पलीकडे वसईचा किल्ला. याच टोकावरचा धारावी किल्ला मराठ्यांनी मार्च १७३९ मध्ये घेतला आणि वसईची समुद्राकडची रसद आवळली. मे महिन्यात वसई पडली.

निघण्याआधी मात्र पंचांग बघा. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की किनाऱ्यावरच्या भरतीची अंदाजे वेळ निघते. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. खाडीत आत येईपर्यंत तिला आणखी वेळ लागतो. अष्टमीला भांग असते, पाणी फारसं चढत नाही. उधाण बघायचं तर पौर्णिमा किंवा अमावास्या गाठा आणि दुपारी बाराच्या आत चौकला पोहोचा.