लाल म्हणजे नक्की कुठे?

माझ्या दादाला लाल आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही. लहानपणी नाताळच्या कंदिलाला कागद चिकटवताना तो मला विचारायचा, "यातला लाल कुठला गं?" आम्हाला वाटायचं, मस्करी करतोय. मागच्या वर्षी एका नोकरीची लेखी परीक्षा तो पास झाला, पण मेडिकलला अडला. रंगीत ठिपक्यांत लपलेला आकडा त्याला दिसलाच नाही. घरी येऊन तो एवढंच म्हणाला, "लाल रंग सिग्नलमध्ये असतो की तुमच्या डोळ्यांत? तुम्ही जास्त जण आहात म्हणून तुमचंच खरं का?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून शोधायला लागले, तर कळलं की हा प्रश्न तत्त्वज्ञांना फार पूर्वीपासून छळतोय: जग जसं दिसतं तसंच ते असतं का?

सुमारे २४०० वर्षांपूर्वी ग्रीक तत्त्वज्ञ डेमोक्रिटस म्हणत होता की गोड, कडू, रंग हे सगळं आपल्या म्हणण्यापुरतं. खरे फक्त अणू आणि त्यांच्यामधली पोकळी. १६८९च्या अखेरीस आलेल्या आपल्या ग्रंथात इंग्लंडच्या जॉन लॉकने हाच धागा पुढे नेला. आकार, संख्या, हालचाल हे गुण वस्तूत असतातच. रंग, वास, चव मात्र वस्तूमुळे आपल्या मनात उमटतात. त्याचं उदाहरण घरी करून बघा. एक हात गरम पाण्यात, दुसरा गार पाण्यात ठेवा आणि मग दोन्ही कोमट पाण्यात घाला. पाणी एकच, पण एका हाताला ते गार लागतं, दुसऱ्याला गरम.

आपल्याकडचे वैशेषिक हे मान्य करणार नाहीत. त्यांच्या मते रंग, म्हणजे त्यांच्या भाषेत 'रूप', हा द्रव्याचाच गुण. कच्चं सावळं मडकं भट्टीत भाजलं की लाल होतं. बदल मडक्यात झाला, बघणाऱ्यात नाही.

आयर्लंडचा जॉर्ज बर्कली १७१० साली अगदी दुसऱ्या टोकाला गेला. नाणं समोरून गोल दिसतं, बाजूने लांबट. मग रंग मनातला आणि आकार तेवढा बाहेरचा, असं का? त्याच्या मते वस्तूचं असणं म्हणजेच तिचं जाणवणं. खोलीत कोणी नसताना टेबल कसं टिकतं? देव सतत बघतोय म्हणून! हा पुढे बिशप झाला, हे वाचून मला हसू आलं.

मला सगळ्यात उपयोगी वाटली ती अद्वैत वेदान्ताची मांडणी. तिथे सत्याच्या तीन पातळ्या आहेत. अंधारात दोरीवर दिसलेला साप प्रातिभासिक, रोजचं जग व्यावहारिक आणि ब्रह्म पारमार्थिक. म्हणजे 'खरं की खोटं' एवढ्यावर थांबायचं नाही. 'कुठल्या पातळीवर खरं' हेही विचारायचं.

आता दादाचा प्रश्न. सिग्नलमधून निघणारा प्रकाश बाहेर आहे, तो कोणाच्या मतावर ठरत नाही. पण 'लाल' हा अनुभव तो प्रकाश आणि डोळा यांची गाठ पडल्यावर होतो. मधमाशीला आपला लाल दिसत नाही, उलट आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाश दिसतो. तिचं जग खोटं म्हणायचं का? व्यवहारात मात्र सगळ्यांनी एकच खूण ओळखायला हवी, नाहीतर अपघात होतील. म्हणून ती चाचणी लागते. ती चाचणी सांगते की हे काम दादाला जमणार नाही. त्याचे डोळे खोटं बोलतात, असं ती सांगत नाही. हा फरक मी त्याला समजावला, तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला.

दादा चौकात गाडी थांबवतो ती वरचा दिवा लागला की. रंग नाही, जागा बघून. लॉकचे वस्तूतले गुण त्याला बरोबर कळतात. आणि बाजारात ब्याडगी मिरची निवडायला आई अजूनही त्यालाच पाठवते. तो सुरकुत्या बघतो आणि वास घेतो. आमचं तिखट दरवर्षी लालभडक होतं.