सुरतेची सात माध्यमांची शाळा

सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांत मुलं सात माध्यमांतून शिकतात: गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी. मुंबई महापालिकेच्या शाळांत आठ माध्यमं आहेत, ते आपल्याला ठाऊक असतं. सुरत म्हटलं की मात्र साड्या आणि हिरे आठवतात. साड्या विणणाऱ्यांची मुलं कोणत्या भाषेत अक्षर गिरवतात, हा प्रश्न आपल्या मनात येत नाही.

लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत फिरलं की उत्तर मिळतं. यंत्रमागावर आणि रंगाईच्या मिलमध्ये काम करायला ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून माणसं आली, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, उत्तर प्रदेश-बिहारमधून आले. आणि खानदेश तर इथे पिढ्यान्‌पिढ्या येतोच आहे. ताप्ती खोऱ्याचा रेल्वेमार्ग उधन्याला मुख्य मार्गापासून फुटतो आणि नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव करत जळगाव-भुसावळला जातो. नवापूरचं स्टेशन तर निम्मं गुजरातेत, निम्मं महाराष्ट्रात. अशा रुळांवरून गाव आणि शहर यांच्यात सतत ये-जा करणाऱ्या कुटुंबांची ही मुलं आहेत.

या शाळा चालवते नगर प्राथमिक शिक्षण समिती. अशा समित्यांचा पाया 1947 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यात आहे, म्हणजे सुरत आणि जळगाव एकाच मुंबई प्रांतात होते त्या काळातला. 1956 साली घटनेत 350-अ हे कलम आलं आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, अशी अपेक्षा राज्यांकडून ठेवली गेली. हे कलम अनेक ठिकाणी कागदावरच राहिलं. सुरतेत त्याच्या वर्गखोल्या झाल्या, याचं मला मोल वाटतं. मराठी माणसाचं सुरतेच्या शिक्षणाशी नातंही जुनं आहे. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर सुरतेत शिक्षक होते, आणि 1844 मध्ये त्यांनी गुजराती सुधारक दुर्गाराम मेहताजींच्या बरोबर तिथे मानवधर्म सभा सुरू केली.

पण ‘मातृभाषेतून शिक्षण’ हे बोलायला जितकं सोपं, तितकं वर्गात नसतं. लिंबायतच्या पहिलीतल्या मुलाच्या घरी अहिराणी असते, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती, आणि पुस्तकात येते ती प्रमाण मराठी. ‘माले भूक लागनी’ म्हणणाऱ्या मुलाला शिक्षिकेने आधी समजून घेतलं आणि मग सहज बोलता बोलता ‘मला भूक लागली’ ऐकवलं, तर ते मूल दुसऱ्या दिवशी पुन्हा तोंड उघडतं. ‘नीट बोल’ म्हणून दटावलं, तर दिवाळीपर्यंत गप्प बसतं. खानदेशातून आलेले शिक्षक या शाळांचं खरं बळ आहेत ते यासाठी. त्यात 2023 च्या कायद्याने गुजरातेत पहिली ते आठवी सर्व शाळांत गुजराती विषय सक्तीचा केला. मला तो योग्य वाटतो. दवाखान्यात, रेशनच्या दुकानात, पुढे नोकरीत ही भाषा लागणारच. अट एवढीच, की आधी एका भाषेत वाचन पक्कं व्हावं.

भाषेइतकाच अवघड प्रश्न हजेरीचा. आखाजी हा खानदेशाचा मोठा सण, सासुरवाशिणींचा माहेरचा सण. तो कधी एप्रिलमध्ये, ऐन परीक्षेच्या तोंडावर येतो. मग लग्नसराई, मग पेरणी. जूनमध्ये शाळाप्रवेशोत्सव होऊन जातो आणि काही मुलं जुलै उलटल्यावर परततात. काही पालक खोली बदलतात, काही यंत्रमागाचं खातं बदलतात, आणि दाखला गावच्या शाळेतच राहतो. इथे कायदा स्पष्ट आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, वयानुसार वर्ग द्यायचा आणि मागे पडलेल्या मुलाला वेगळं शिकवून बरोबरीला आणायचं. पालकांना हे माहीत नसतं. कागद नाही म्हणून ते शाळेच्या दारापर्यंत येतच नाहीत, आणि घरी आई साडीला लेस लावत असते, तिच्या शेजारी मूलही बसतं. अशा वेळी चाळीत जाऊन मुलाला घेऊन येणारा शिक्षक जे करतो, ते कोणत्याही परिपत्रकात मावत नाही.

दुपारचं जेवण ही दुसरी मोठी आधाराची गोष्ट. गुजरातेत मध्यान्ह भोजन 1984 पासून आहे. आजच्या निकषांप्रमाणे पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला 700 उष्मांक आणि 20 ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. आई-वडील दोघेही पाळीवर असलेल्या घरात हेच कधी कधी दिवसातलं पहिलं ताजं जेवण असतं. याला जोडून गुजरातने तिथीभोजनाची सुंदर प्रथा रुजवली: वाढदिवस, पुण्यतिथी किंवा सणाच्या निमित्ताने कुणीही शाळेतल्या मुलांना जेवण द्यावं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांत कानबाई देवी बसते, सोमवारी विसर्जन, आणि त्या दिवशी मराठी वर्गांची हजेरी उतरते. त्या आठवड्यात एखाद्या मंडळाने तिथीभोजन ठेवलं, तर ओडिया आणि तेलुगू मुलांच्या ताटातही कानबाईचा सण पोहोचेल.

ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेमार्गावरचं अमळनेर इथे आठवतं. साने गुरुजी तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत, छात्रालय सांभाळत आणि मुलांसाठी हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ काढत. भारतातल्या भाषांनी एकमेकींच्या घरी जावं, हे त्यांचं आंतरभारतीचं स्वप्न होतं. सात माध्यमांच्या शहराला ते रोजच्या रोज करून पाहता येईल: सामायिक परिपाठ, एकमेकांची गाणी, एकमेकांचे सण. माध्यमं वेगळी असली तरी मैदान एकच असावं, असं माझं ठाम मत आहे.

खरी कसोटी आठवीनंतर लागते. गुजरातेत प्राथमिक शाळा आठवीला संपते. महापालिकेची सुमन हायस्कूल्स पुढचं शिक्षण देतात, पण आपल्या माध्यमाचा नववीचा वर्ग घरापासून लांब असला, की आधी मुलीचं शिक्षण थांबतं. मराठी शाळा टिकवायची तर पुढची वाट चालती ठेवली पाहिजे. नाही तर पालक पहिलीतच हिंदी किंवा इंग्रजी माध्यम निवडतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

सुरतेतल्या मराठी वाचकांना माझं सांगणं आहे: आपल्या भागातल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत जा. तिच्यात तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आणि निम्म्या स्त्रियांच्या असतात, त्या जागा नावापुरत्या राहू देऊ नका. नववीच्या वर्गाची मागणी तिथूनच लावून धरता येते. आणि महाराष्ट्रातल्या वाचकांनी या दिवाळीत एक करावं. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाची वर्षाची वर्गणी सुरतेतल्या एखाद्या मराठी शाळेच्या नावे भरावी.