तिकीट देणारे मतदार

आपल्याकडे विधानसभेची निवडणूक लागली, की उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत सगळ्यांचा जीव एबी फॉर्ममध्ये अडकलेला असतो. कुणाचा फॉर्म मध्यरात्री मुंबईहून गाडीने निघालेला असतो, तर कुणाचा वाटेतच दुसऱ्याच्या नावावर गेलेला असतो. संध्याकाळी बंडखोरांची यादी लागते आणि मग आठवडाभर मनधरणी चालते. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात आमदार व्हायला निघालेल्या माणसाच्या वाट्याला हे काही येत नाही. तिथे पक्षाचं तिकीट ऑगस्ट महिन्यात मतपेटीतून निघतं. त्यासाठी होणाऱ्या मतदानाला प्रायमरी म्हणतात.

मिशिगनच्या विधिमंडळात कनिष्ठ सभागृहाच्या 110 जागा आहेत आणि तिथली मुदत अवघी दोन वर्षांची. वरच्या सभागृहाच्या, म्हणजे सिनेटच्या, जागा 38 आणि मुदत चार वर्षांची. राज्याची लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर, त्यामुळे कनिष्ठ सभागृहाच्या एका आमदारामागे साधारण 91-92 हजार माणसं येतात. आपल्या 288 आमदारांपैकी प्रत्येकाच्या मागे 2011च्या जनगणनेनुसारच चार लाखांच्या आसपास लोक होते. म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या नगरपालिकेएवढा तिथला मतदारसंघ. उमेदवार घरोघरी जाऊन बेल वाजवतो, अंगणात नावाच्या पाट्या रोवतो, टपालाने पत्रकं धाडतो, आणि मनात आणलं तर बहुतेक दारं त्याला खरोखरच गाठता येतात.

या प्रायमरीत मत कोण देतं? मिशिगनमध्ये मतदारयादीत पक्षाची नोंदच नसते. कुणीही मतदार केंद्रावर जातो आणि त्याला एकच मतपत्रिका मिळते. तिच्यावर एका बाजूला डेमोक्रॅटिक इच्छुकांची नावं, दुसऱ्या बाजूला रिपब्लिकन. कोणता रकाना भरायचा हे मतदाराने गुपचूप ठरवायचं, पण दोन्हीकडे खुणा केल्या तर पक्षीय पदांसाठीची त्याची सगळी मतं बाद. उघडच आहे की विरोधी पक्षाच्या रकान्यात जाऊन त्यांचा सगळ्यात कच्चा गडी निवडून देण्याची मुभा इथे आहे. तशी चर्चा दर निवडणुकीत होते. बहुतेक लोक मात्र एवढा खटाटोप करत नाहीत.

आपल्या वाचकाला गंमत वाटेल अशा दोन तरतुदी सांगतो. आडनावं सारखी असलेले दोन इच्छुक उभे राहिले, तर मतदाराचा गोंधळ होऊ नये म्हणून नावापुढे ओळख पटवणारे शब्द छापून घेता येतात. नामसाधर्म्याचा डमी उमेदवार ही काही फक्त आपलीच कला नव्हे. दुसरी तरतूद बंडखोरीची. एका पक्षाच्या प्रायमरीत हरलेल्याला त्याच वर्षी दुसऱ्या पक्षाच्या तिकिटावर उभं राहता येत नाही. 2012मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे असलेले गॅरी जॉन्सन यांचं नाव मिशिगनच्या मतपत्रिकेवर येऊ शकलं नाही, ते याच कायद्यामुळे. आधी ते रिपब्लिकन प्रायमरीच्या मतपत्रिकेवर होते, मग लिबर्टेरियन पक्षात गेले.

ही पद्धत जन्मली शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये. पूर्वी पक्षाचे प्रतिनिधी अधिवेशनात जमून उमेदवार ठरवत आणि त्या प्रतिनिधींना रेल्वे कंपन्या नि लाकूडवाले बडे लोक खिशात ठेवत. रॉबर्ट ला फॉलेट यांना गव्हर्नरपदाची उमेदवारी अशा अधिवेशनांनी 1896 आणि 1898 अशी दोनदा नाकारली. 1900मध्ये ते निवडून आले आणि त्यांनी थेट प्रायमरीचा कायदा लावून धरला. 1903मध्ये तो विधिमंडळात झाला, 1904मध्ये सार्वमतात टिकला. 1906मध्ये पहिली प्रायमरी झाली, तेव्हा गव्हर्नरपदासाठी ला फॉलेट यांनी पुढे केलेले उमेदवार आयर्विन लेनरूट त्याच प्रायमरीत हरले.

मिशिगनच्या गोष्टीत एक मराठी माणूसही आहे. श्री ठाणेदार बेळगावात वाढले, मुंबई विद्यापीठात शिकले, 1979मध्ये अमेरिकेला गेले आणि रसायनांच्या व्यवसायात त्यांनी पैसा मिळवला. ‘ही श्रीची इच्छा’ हे त्यांचं आत्मचरित्र मराठी वाचकांना ठाऊक आहे. 2018मध्ये त्यांनी थेट गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत उडी घेतली. पदरचे एक कोटीहून अधिक डॉलर ओतले, दोन लाखांवर मतं मिळवली आणि तिसरे आले. ग्रेचन व्हिटमर जिंकल्या. ठाणेदारांनी त्यानंतर मुक्काम डेट्रॉइट शहरात हलवला आणि 2020मध्ये तिथल्या तिसऱ्या मतदारसंघातून कनिष्ठ सभागृहासाठी अर्ज भरला. ऑगस्टची प्रायमरी त्यांनी जिंकली. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत त्यांना सुमारे 93 टक्के मतं पडली.

या 93 टक्क्यांवर जरा थांबायला हवं. डेट्रॉइट हा डेमोक्रॅटिक पक्षाचा गड. तिथे नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन उमेदवाराचं नाव छापलेलं असतं, एवढंच. ज्याने ऑगस्टमध्ये तिकीट घेतलं तो आमदार झालाच म्हणून समजा. आणि ऑगस्टमध्ये मतदान किती होतं? 2020च्या प्रायमरीत राज्यभर सुमारे 25 लाख लोकांनी मत दिलं आणि तो विक्रम मानला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 55 लाखांनी दिलं. शिवाय मिशिगनच्या प्रायमरीत दुसरी फेरी नाही. जॉर्जिया किंवा टेक्सासमध्ये निम्म्याहून अधिक मतं कुणालाच नसतील, तर पहिल्या दोघांत पुन्हा लढत होते. मिशिगनमध्ये नऊ जणांत मतं वाटली गेली तरी सगळ्यांत पुढचा जिंकला. 2022मध्ये ठाणेदार अमेरिकी संसदेसाठी, म्हणजे काँग्रेससाठी, उभे राहिले, तेव्हा नेमकं हेच घडलं. नऊ इच्छुक, ठाणेदारांना मिळालेली मतं 28 टक्के, आणि तिकीट त्यांचं. चारपैकी तीन रहिवासी कृष्णवर्णीय असलेल्या या शहराला जवळजवळ सत्तर वर्षांत प्रथमच काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. ठाणेदारांनी नियमाबाहेर काहीच केलं नव्हतं. कृष्णवर्णीय इच्छुक बरेच होते आणि त्यांच्यात मतं फुटली.

पक्षश्रेष्ठींच्या हातून तिकीट काढून ते लोकांना दिलं, असं या पद्धतीबद्दल अभिमानाने सांगितलं जातं. माझ्या मते ते अर्धंच खरं आहे. तिकीट गेलं ते ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत मतदानाची आठवण ठेवणाऱ्यांच्या हाती.

ऑगस्टमधलं हे मतदान किती महत्त्वाचं आहे ते मतदारसंघांचे नकाशे आखणाऱ्यांना महागात पडून कळलं. 2018च्या सार्वमताने हे काम आमदारांकडून काढून 13 नागरिकांच्या स्वतंत्र आयोगाकडे दिलं: चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन, पाच कुणाचेच नसलेले. आयोगाने डेट्रॉइटचे तुकडे लांबवर उपनगरांत ओढत नेले. कृष्णवर्णीय मतदार चाळीस टक्क्यांच्या आसपास असले तरी त्यांच्या पसंतीचा माणूस निवडून येईल, असा सल्ला आयोगाला मिळाला होता. हा हिशोब नोव्हेंबरच्या आकड्यांवर बेतलेला होता आणि नोव्हेंबरमध्ये तिथे डेमोक्रॅटच जिंकतो. पण कोणता डेमोक्रॅट, हे ऑगस्टमध्ये ठरतं, आणि प्रायमरीची आकडेवारी आयोगापुढे जवळजवळ नव्हतीच. डिसेंबर 2023मध्ये तीन संघीय न्यायाधीशांच्या पीठाने डेट्रॉइट परिसरातले 13 मतदारसंघ, सात कनिष्ठ सभागृहाचे आणि सहा सिनेटचे, वंशाच्या आधारावर आखल्याबद्दल घटनाबाह्य ठरवले. कनिष्ठ सभागृहाचे नकाशे 2024च्या निवडणुकीआधी पुन्हा काढावे लागले.

आपल्याकडेही प्रायमरीचा प्रयोग झाला होता. 2014च्या लोकसभेआधी काँग्रेस पक्षाने राहुल गांधींच्या पुढाकाराने काही मतदारसंघांत प्रायमरी घेतली. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर ही त्यातली नावं. मत देणारे होते पक्षाचेच पदाधिकारी आणि कार्यकर्ते. दोन्ही जागा भाजपकडे गेल्या, आणि प्रयोगाचं नावही पुढे फारसं कुणी घेतलं नाही.

मिशिगनमध्ये प्रायमरीच्या यादीत नाव यायला विधिमंडळाच्या इच्छुकाला दोन रस्ते आहेत: मतदारांच्या काहीशे सह्या गोळा करा किंवा 100 डॉलर भरा. पहिल्या दोघांत आलात तर पैसे परत. अनामत वाचवण्याची आपली एक षष्ठांशाची अट यापुढे कडकच म्हणायची. गव्हर्नर किंवा काँग्रेसच्या उमेदवाराला मात्र पैसे भरून सुटता येत नाही, सह्याच हव्यात. 2022मध्ये गव्हर्नरपदासाठी 15 हजार वैध सह्या हव्या होत्या. पैसे घेऊन सह्या जमवणाऱ्यांनी खोट्या सह्यांचे गठ्ठे आणून दिले आणि पाच रिपब्लिकन इच्छुक शर्यतीतून बाद झाले. डेट्रॉइटचे माजी पोलीसप्रमुख जेम्स क्रेग त्यांतलेच एक. दोन वर्षांनी ठाणेदारांविरुद्ध पुन्हा उभे राहू पाहणारे अ‍ॅडम हॉलियर याच फेऱ्यात सापडले. 2022च्या प्रायमरीत दुसरे आलेले ते हेच. त्यांना लागत होत्या हजार सह्या. काउंटीच्या कचेरीने एकेक तपासली, वैध हजार भरल्या नाहीत, आणि 2024च्या प्रायमरीच्या मतपत्रिकेवर त्यांचं नाव छापलंच गेलं नाही.