कॅप्टन नीमोचा जनक

फ्रान्स देशात ल्वार नदीच्या काठी नांत नावाचे जुने बंदर आहे. तेथे ८ फेब्रुवारी १८२८ रोजी ज्यूल व्हर्नचा जन्म झाला. धक्क्याला लागलेली शिडाची जहाजे आणि दूरदेशीचा माल पाहत तो वाढला. मुलाने आपल्याप्रमाणे वकील व्हावे, म्हणून वडिलांनी त्याला पॅरिसला धाडले. परंतु त्याचे मन नाटके लिहिण्यात रमले. नाटकांवर पोट भरेना, तेव्हा त्याने शेअरबाजारात काम धरले. पहाटे उठून लिहावयाचे व मग कामावर जावयाचे, असा त्याचा क्रम असे.

१८६३ साली त्याची पहिली गाजलेली कादंबरी निघाली. तीत तिघे प्रवासी बलूनमधून आफ्रिका खंड ओलांडतात. गंमत अशी, की तोवर व्हर्न बलूनमध्ये कधी बसलाच नव्हता! तो योग १८७३ साली आला, आणि तेही उड्डाण अवघ्या २४ मिनिटांचे. मग ही हुबेहूब वर्णने त्याने आणली कोठून? प्रवाशांचे वृत्तान्त, नकाशे, शास्त्रीय नियतकालिके तो सतत वाची आणि टिपणे काढी. अशी हजारो टिपणे त्याच्या संग्रही होती. पन्नासांहून अधिक कादंबऱ्या या शिदोरीवर उभ्या राहिल्या.

त्याच्या सर्व पात्रांत कॅप्टन नीमो अधिक लोकप्रिय. 'नॉटिलस' या पाणबुडीतून सागरतळी संचार करणारा हा मानी पुरुष मूळ कल्पनेत पोलंडचा होता. पोलंडवर तेव्हा रशियाची सत्ता होती आणि १८६३ सालचा तेथील उठाव रशियाने निर्दयपणे चिरडला होता. परंतु व्हर्नची पुस्तके रशियातही खपत. तेथील सरकारचा रोष नको, म्हणून प्रकाशक एत्झेल याने या कल्पनेस हरकत घेतली. दोघांचा बराच वाद झाला. अखेर १८७० साली पूर्ण झालेल्या कादंबरीत नीमोचा देश अज्ञातच राहिला. लॅटिन भाषेत 'नीमो' म्हणजे 'कोणीही नाही'. हे नाव त्याला चांगलेच शोभले.

पुढे १८७४-७५ साली 'गूढ बेट' या कादंबरीत व्हर्नने ते रहस्य उलगडले. नीमो हा बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कार! १८५७ च्या युद्धात तो इंग्रजांशी लढला, त्यात त्याचे सारे कुटुंब नष्ट झाले, आणि म्हणून त्याने समुद्राचा आश्रय घेतला. फ्रेंच लेखकाने पराभूत भारतीयाचे दुःख इतक्या आपुलकीने जाणावे, हे विशेषच. मात्र त्याच व्हर्नने १८८० च्या 'वाफेचे घर' या कादंबरीत नानासाहेब पेशव्यांना केवळ सूडाने पेटलेला वैरी म्हणून रंगविले. नीमोला दिलेला न्याय त्याने त्यांना दिला नाही.

२४ मार्च १९०५ रोजी आमियां या गावी व्हर्न वारला. पुढे भा. रा. भागवत यांनी त्याच्या अनेक कादंबऱ्या मराठी मुलांसाठी रसाळ भाषेत आणल्या.