तबकड्या आणि डोळे

गेल्या आठवड्यात आपण जर्मन चित्रकार व्हिली बाउमाइस्टर यांना वुपरटालच्या लॅकर कारखान्यात सोडलं होतं. रंगांचे तांत्रिक प्रयोग हे तिथलं काम, आणि त्याच्या आडोशाने चाललेली स्वतःची चित्रं. दुसऱ्या महायुद्धाच्या त्याच वर्षांत त्यांच्याहून तेरा वर्षांनी लहान असलेला एक चित्रकार फ्रान्समध्ये जर्मन सैन्यासाठी नकाशे काढत होता : अर्न्स्ट विल्हेल्म नाय.

नाय यांचा जन्म १९०२चा, बर्लिनमधला. वडील १९१४ सालीच युद्धात मारले गेले. पुस्तकांच्या दुकानात उमेदवारी करता करता चित्रकला ते स्वतःच शिकले. १९२५मध्ये आपली चित्रं घेऊन कार्ल होफर यांच्याकडे गेले, आणि होफरनी त्यांना अकादमीत आपल्या हाताखाली घेतलं. होफर अस्सल मानवाकृतींचे चित्रकार. पुढे १९५०च्या दशकात अमूर्त कलेविरुद्ध जाहीर वाद घालणारे! त्यांच्याच वर्गातून नाय बाहेर पडावेत, याची मला गंमत वाटते.

१९३७मध्ये नाझींनी ‘अधःपतित कला’ म्हणून जे प्रदर्शन भरवलं, त्यात नाय यांचीही दोन चित्रं होती. त्याच वर्षी ते नॉर्वेच्या उत्तरेला, लोफोटेन बेटांवर गेले. खर्चासाठी नॉर्वेचे चित्रकार एडवर्ड मुंक यांनी पैसे दिले होते. पुढच्या वर्षी ते पुन्हा तिथे गेले. या चित्रांत मच्छीमार आहेत, समुद्र आहे, डोंगर आहेत. पण माणूस कुठे संपतो आणि डोंगर कुठे सुरू होतो, हे ठरवण्याचं काम रेषेकडून हळूहळू रंगाकडे जाऊ लागलेलं दिसतं. नंतर सैन्यात असताना ल मां शहरात एका हौशी फ्रेंच शिल्पकाराने त्यांना आपला स्टुडिओ वापरायला दिला. शत्रूच्या सैनिकाला! तिथे त्यांनी चित्रं काढणं चालू ठेवलं.

युद्धानंतर फ्रँकफुर्टजवळच्या होफहाइम गावात आणि १९५१पासून कलोनमध्ये त्यांच्या चित्रांतून आकृती मागे सरत गेली. या टप्प्यांना ‘हेकाटे’, ‘फ्यूगल’, ‘लयबद्ध’ अशी नावं आहेत. त्यांत अडकायला नको, कारण खरा मुक्काम पुढे आहे.

१९५४च्या सुमारास तबकड्या आल्या. त्यामागचा विचार अगदी साधा होता. भरलेला ब्रश कॅनव्हासला टेकवला की ठिपका उमटतो. तो फिरवत मोठा केला की तबकडी होते. ही तबकडी कशाचंही चित्र नसते. फळ नाही, सूर्य नाही. पण ती उमटताच सभोवतालची जागा ताणली जाते. शेजारी दुसऱ्या रंगाची तबकडी आली की दोघींच्या मधली जागाही आकार धरते, मग तिलाही रंग हवा. एका रंगाने दुसऱ्याला बोलवावं, अशी चित्राची बांधणी पुढे सरकते. १९५५मध्ये त्यांनी रंगाच्या रचनामूल्यावर एक छोटं पुस्तकही लिहिलं. १९५६मध्ये फ्रायबुर्ग विद्यापीठाच्या रसायनशास्त्र संस्थेसाठी केलेलं चित्र तर सहा मीटरहून अधिक लांब आहे.

एवढी हुकमी पद्धत हाती आल्यावर बहुतेकांनी आयुष्यभर तबकड्याच रंगवल्या असत्या. नाय यांनी १९६३ साली त्यांच्यावर काट मारली. अक्षरशः! जोरकस फटकाऱ्यांनी तबकड्या खोडता खोडता त्यांतून बुबुळं दिसू लागली, आणि ही चित्रं ‘डोळ्यांची चित्रं’ म्हणून ओळखली गेली. ज्या माणसाला चित्रातून घालवायला दोन दशकं लागली, तो असा वळसा घालून परत आला, आणि नाय यांनी त्याला हाकललं नाही.

१९६४मध्ये कासेलच्या तिसऱ्या ‘डॉक्युमेंटा’ कलाप्रदर्शनात त्यांची तीन प्रचंड चित्रं प्रदर्शनाचे संस्थापक आर्नोल्ड बोडे यांच्या कल्पनेने थेट छताला, तिरकी टांगली गेली. मग वर्तमानपत्रांतून टीकेची झोड उठली. सजावटी, जुनाट, काय काय म्हटलं गेलं. मला ती टांगणी नाटकी वाटते, आणि टीकाकारांचं काम तिनेच सोपं केलं असावं. पण बासष्ट वर्षांच्या या चित्रकाराकडे तोवर जुनं झाल्यासारखं काही नव्हतं. १९६५पासूनची चित्रं पाहिली की ते कळतं : पातळ, सपाट रंग, मोजकेच आकार, उभे पट्टे, चातीसारखी निमुळती रूपं. फटकारे गेले, रंगांचे थर गेले. एप्रिल १९६८मध्ये कलोनला त्यांचं निधन झालं, तेव्हा हा टप्पा जेमतेम तीन वर्षांचा होता.

पुढच्या आठवड्यात लाइपझिगमध्ये जन्मलेले आणि फ्रान्सचे झालेले हान्स हार्टुंग.