सेगावचे सेवाग्राम : नावामागची जबाबदारी

गावाचे नाव बदलणे ही केवळ पाटी बदलण्याची बाब नसते. जुने नाव कोणाच्या सोयीसाठी गेले आणि नव्या नावाने गावाच्या पदरात काय पडले, हेही पाहावे लागते. वर्धा जिल्ह्यातील दोन गावांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

१८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला, तेव्हा त्याचे मुख्य ठाणे पुलगावजवळील कवठा येथे होते. १८६६ मध्ये ते पालकवाडी या खेड्याच्या जागी हलविण्यात आले. तेथे आखीव रस्त्यांचे नवे शहर वसले आणि नदीवरून त्याला वर्धा हे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी मुंबईचा लोहमार्ग नागपूरला पोहोचला व येथील कापसाला बंदराची वाट मोकळी झाली. प्रशासनाची आणि व्यापाराची सोय झाली. पालकवाडी मात्र विस्मृतीत गेली.

दुसरे गाव सेगाव. येथे जमनालाल बजाज यांची जमीन होती. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी या गावी राहावयास आले. त्यांचे टपाल मात्र अनेकदा बुलढाणा जिल्ह्यातील शेगावला जाई. हा घोटाळा टाळण्यासाठी १९४० साली सेगावचे सेवाग्राम झाले.

निमित्त येथेही सोयीचेच होते. पण पत्रे चुकू नयेत एवढ्यासाठी दुसरे कोणतेही नाव चालले असते. निवडलेल्या नावात एक अर्थशास्त्रीय भूमिका होती. खेड्याने शहराला कच्चा माल पुरवून स्वतः कंगाल राहू नये, उद्योग आणि त्याचे उत्पन्न गावातच राहावे, ही ती भूमिका होय. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम वर्ध्याच्या मगनवाडीत याच हेतूने चालले होते.

२००६ साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली. त्यांत वर्धा जिल्हाही होता. ज्या मातीतून ग्रामस्वावलंबनाचा विचार देशभर गेला, तेथील कापूस उत्पादकावर ही पाळी यावी, याचा विचार सेवाग्रामचा अभिमान बाळगणाऱ्या आपण सर्वांनी केला पाहिजे.

पालकवाडीचे नाव गेले, त्याची खंत आज फारशी कोणाला नाही. सेवाग्रामचे नाव मात्र राहणार आहे. त्या नावातील आश्वासन पुरे होते की नाही, याचा हिशेब कुटी पाहावयास येणाऱ्यांच्या संख्येवर नव्हे, तर शेजारच्या शेतकऱ्याच्या घरातील शिलकीवर मांडावा लागेल.